कुठे उभे आहात त्यावर

नकाशा-कचेरीतला ताउरी मार्चअखेर आला,
गुडघ्यापर्यंत रबरी बूट, काखेत फॉर्म.
दक्षिण एस्टोनिया. इथल्या टेकड्यांना
स्वतःला टेकडी म्हणवून घ्यायची लाज वाटते.
त्यांच्यामधून साडेनऊ किलोमीटर जाणारं पाणी,
दोन ढांगांत ओलांडता येईल एवढंच,
आणि सातव्या रकान्यात त्याचं नाव हवं. एकच.

उगम म्हणावा असा उगम नाही.
दलदलीत एक जागा आहे,
शेवाळ पायाखाली दबतं
आणि वर येताना जरा विचार करतं.
तिथल्या एंडेलने सांगितलं, मुस्तओया. काळा ओढा.
ओंजळीत घेतलं तर कोऱ्या चहासारखं,
वाकून पाहिलं तर काळं, तळ न सांगणारं.
ताउरीने पेन्सिलीने लिहिलं.

आल्डरच्या राईपलीकडे खोडरबर काढावं लागलं.
इथे लिनाओया, जवसाचा ओढा.
जवसाच्या पेंढ्या दगडाखाली दाबून कुजत घालायचे,
तीन आठवडे मासे पोट वर करून,
आणि शाळेच्या त्या बाजूच्या खिडक्या बंद.
जवस पेरून पन्नास वर्षं झाली.
नावाने अजून नाक धरलेलं आहे.

वळणावरच्या एकाच घरात तो सौनाओया.
त्यांच्या चार पिढ्या त्या वाफेच्या न्हाणीघरात जन्मल्या,
ह्याच पाण्याने पुसून बाहेर आणल्या.
शेजारी हे नाव मानत नाहीत.
शेजारी त्यांचं कुंपणही मानत नाहीत.

मग एकदम सरळ. पट्टी ठेवून मारल्यासारखं.
सामूहिक शेतीच्या दिवसांत यंत्र आलं,
वळणं उचलून काठावर टाकली,
आणि कागदावर ओढ्याचा झाला चर क्रमांक चौदा.
तेव्हाची पोरं आता आजोबा आहेत,
म्हणतात, आम्ही चौदात पोहायला शिकलो.
म्हणताना आकडा असा उच्चारतात
जसं एखाद्या आत्याचं नाव.

सगळ्यात खाली वाइके राहते.
संगम म्हणायला जीभ धजत नाही,
रस्त्याखालचा सिमेंटचा पाइप आहे तो,
पलीकडे निळ्या पाटीवाली मोठी नदी.
ताउरीने विचारलं, ह्याला काय म्हणता?
तिने बटाटे सोलता सोलता विचारलं,
कुठे उभं राहून?

म्हणाली, आम्ही ता म्हणतो.
ता. तिच्या भाषेत तो आणि ती यांना
आत यायला एकच दार आहे.
ता गेल्या एप्रिलमध्ये तिसऱ्या पायरीपर्यंत चढून आला. आली.
ता रात्री आवाज करतो, करते, मग झोप लागते.
ता नव्हता त्या उन्हाळ्यात घर फार कोरडं होतं.
ताउरीच्या ध्यानात उशिरा आलं,
की मधेच कुठेतरी ती वाल्डेकबद्दल बोलत होती,
दारामागे ज्याचा कोट अजून टांगलेला आहे,
आणि कुठे ओढा संपला, कुठे माणूस सुरू झाला,
हे तिनेही मोजलेलं नव्हतं.
फॉर्ममध्ये तशी सोय नव्हती.

नकाशा छापून आला शरदात:
उगमापासून पाइपापर्यंत लिनाओया.
कचेरीत कोणीतरी लांबी पाहून ठरवलं असणार.
वाचनालयाच्या भिंतीवर लावला.
पहिल्याच आठवड्यात एंडेल सायकलवरून आला,
वरचा भाग खोडून गेला.
सौनाओया कोणी लिहिलं ते सगळ्यांना माहीत आहे.
चौदा हा आकडा तीन वेगवेगळ्या अक्षरांत.
ग्रंथपालबाईंनी आधी सूचना लावली,
मग सूचना काढून दोरीला पेन्सिल बांधली.

पाइपाजवळची जागा कोरीच राहिली.
वाइके वाचनालयात आली नाही.
बर्फ वितळत होतं, पायऱ्या ओल्या होत्या,
आणि पाणी येईल म्हणून ती
बटाट्यांची पोती माळ्यावर चढवत होती,
खालून कोणालातरी सांगत, जरा थांब.