ब्रीदर

तिसरं गास्केट. कॉर्कचं, नाना पेठेतून आणलेलं.
आधीची दोन मीच आवळून आवळून चिरडली.
उरुळीहून इलाही मिस्त्री आला,
पान्याला हात लावला नाही.
इंजिनावर पोरीची पावडर मारली,
चालू करून बिडी विझेस्तोवर बघत बसला.
पांढऱ्यावर काळी रेघ उतरली टॅपेट कव्हरखालून,
मग सीलातून,
मग डिपस्टिकच्या भोकातूनसुद्धा.
"सगळीकडून गळतंय, म्हणजे दुखणं तिसरंच."
ब्रीदरची नळी काढून झटकली:
आत कुंभारणीचं मातीचं घर, वाळून खडंग.
"श्वास कोंडल्यावर घाम फुटणारच की, ताई."

रात्री ट्रॅक्टरखाली पेपर अंथरला.
सकाळी बघते तर
वधू पाहिजेच्या पानावर
एकच थेंब.

तेवढा असू दे म्हटलं.
माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे तो.