अठराचा पाढा

पहाटे पावणेपाचला, तेंबिसाच्या कोपऱ्यावर
एक बोट वर केलं की कळतं, शहरात जायचंय.
अंधारात माणसाचा चेहरा दिसत नाही,
बोट तेवढं दिसतं ड्रायव्हरला.

टॅक्सी म्हणजे पांढरी व्हॅन, पंधरा जणांची.
पुढची जागा कुणालाच नको असते,
कारण पुढे बसेल त्यानं हिशेब करायचा.
मागून पैसे येतात खांद्यावर टकटक करत,
ओळीओळीनं, हातोहात,
आणि सुटे त्याच वाटेनं मागे धाडायचे
रोबोट लाल आहे तोवर.
इथे सिग्नलला रोबोट म्हणतात.
आमचा मखाबेला त्याचंही ऐकेलच असं नाही.

वीस वर्षं मी मागे बसले.
शाळा चौथीत सुटली, पाढे बारावर अडले.
खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले
की कुणी हिशेब विचारत नाही.

त्या सोमवारी उशीर झाला. पुढचीच जागा उरली होती.
आणि भाडं वाढलेलं, सोळाचं अठरा.
सोळाची निदान कानाला सवय होती.

"तिघांचे," शंभराची नोट.
"आमचेही तिघांचे," नुसती चिल्लर, घामानं ओली.
अठरा त्रिक किती?
शेजारची दिकेलेदी ओठांना लाली लावत होती,
आरशातून नजर न काढता म्हणाली, "चोपन्न."
मी सेहेचाळीस मागे दिले.
कुणी भांडलं नाही. म्हणजे बरोबर असावं.
मग आणखी एक ओळ, मग शेवटची चौघांची, बहात्तर,
दिकेलेदीचे अठरा तिनं आपणहून मांडीवर टाकले.

मखाबेलानं पुलाखाली गाडी बाजूला घेतली,
नोटा अंगठ्यानं उलगडल्या.
"दोनशे बावन्न. अठरा कमी आहेत."
इंजिन बंद.
मागे सगळे गप्प. असं गप्प मी चर्चमध्येही ऐकलेलं नाही.
मी वळून डोकी मोजली. पुन्हा मोजली.
शाळेच्या गणवेशातला एक पोरगा मान खाली घालून बसलेला,
त्याच्यावर माझा संशय गेला, हे आता सांगायला लाज वाटते.
मागून म्हातारे मोखेथी खाकरले,
"बाई, तुझे दिलेस का?"

आख्खी टॅक्सी हसली. तो पोरगा सगळ्यात मोठ्यानं.
मीही हसले, रुमालाची गाठ सोडता सोडता.
गाठ काही केल्या सुटेना.

महिनाअखेरीला कॅलेंडरच्या पाठीवर मी लिहिते:
लेकाची फी, गियानीला आईच्या गोळ्या,
मयतीच्या भिशीचा हप्ता, पॅराफिन.
एकूण नेहमी बरोबर येतं.
बरोबर येतं म्हणून कधी शंकाच आली नाही.

माझ्या दाढेला दोन वर्षं कळ येते आहे.
ती कुठल्याच ओळीत नाही.

मंगळवारी मागे दोन जागा रिकाम्या होत्या.
मखाबेलानं भुवई उडवली.
मी पुढेच चढले, दार दोनदा ओढावं लागलं.
खांद्यावर पहिली टकटक झाली तेव्हा म्हटलं, थांबा जरा.
आधी माझे अठरा मांडीवर ठेवले,
मग मागे हात केला.