दुसरा डबा

मोज्याची शिवण अंगठ्याला लागली,
एवढंच कारण.
आधी एक बूट पत्र्याच्या भिंतीवर आदळला, मग दुसरा,
मग खुर्ची, मग माझ्या कोपरावर त्याचे दात.
सात वर्षांचा अमारो.
खालून एर्मिंदाबाईंनी झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.
त्यांचंही आता रोजचंच झालंय.

कुणी म्हणालं, दोन ठेवून द्या.
दिल्या.
कुणी म्हणालं, दहापर्यंत मोजायला शिकवा.
तो चारपर्यंत जायचा, पाचावर बशी फुटायची.
मीही ओरडले आहे. एकदा तर इतकी
की बंदरातल्या बोटीचा भोंगा मला ऐकूच आला नाही.
तो कानांवर हात दाबून रडत होता
भोंग्यामुळे की माझ्यामुळे,
ते अजून विचारायचं धाडस झालेलं नाही.

माझी नोकरी वाल्पाराइसोच्या एका टेकडीवर.
लाकडी खोलीत बसायचं, दांडा ओढायचा.
रुळांवर दोन डबे, मधे एकच पोलादी दोर.
एक उतरतो म्हणून दुसरा चढतो.
सोळा वर्षं हे माझ्या हातांना ठाऊक होतं.
घरी मात्र आम्ही दोघं एकदमच वर निघायचो.
दोरानं करावं तरी काय?

आता तो चढायला लागला, की मी उतरते.
आधी आवाज. मग खांदे.
मग अख्खी मी, फरशीवर,
दाराजवळ, पण दार न अडवता.
दिवा बंद; बल्ब गुणगुणतो म्हणतो तो
(मला ऐकू येत नाही, पण मी मान्य केलंय).
फ्रिजचा प्लगही काढते. लोणी वितळलं तर वितळलं.
खणाखणांत चणे भरून शिवलेली जड गोधडी
दोघांच्या मधे सरकवते. अंगावर टाकत नाही.
"शांत हो" म्हणत नाही.
तेही त्याला शिवणीसारखंच टोचतं.
एकदाच सांगते, "मी खाली आहे."
आणि गप्प.

दर वेळी जमतं असं नाही.
मंगळवारी खिडकीची काच गेली.
पुठ्ठा लावला, तर वारा त्यातून शिटी घालायला लागला,
आणि शिटी त्याला सोसत नाही.
रात्री दोन वाजता फटीत माझे जुने हातमोजे कोंबत
मी रडले, आवाज न करता,
तर गोधडीखालून तो म्हणाला,
"ऐकू येतंय."

आज सकाळी त्यानं मोजे उलटे करून घातले.
शिवण बाहेर.
"शाळेत हसतील," तो म्हणाला.
"हसू देत."
थोडा वेळ बुटाच्या नाडीकडे बघत बसला.
मग म्हणाला, "तूपण घाल."

घातले.
टेकडीवर दिवसभर दांडा ओढत होते,
माणसं वर, माणसं खाली,
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं
की माझ्याही बुटात
काहीतरी टोचत होतं.