चाळीस टक्के

फोन थरथरला तेव्हा तीन वाजून अकरा मिनिटं.
लेस्टरमधला जानेवारी, रेडिएटर कधीचा निजलेला.
दक्षिण ध्रुवाच्या बर्फात, दोन किलोमीटर खोल,
निळसर काही चमकलं
आणि त्रेचाळीस सेकंदांत माझ्या उशीखाली पोचलं :
दिशा अमुक, चूक अर्ध्या अंशाची,
खरोखर दुरून आलेला असण्याची शक्यता
चाळीस टक्के.

पस्तीसला पास व्हायचो आम्ही.
म्हणजे उठायलाच हवं.

एक मोजा सापडला, एक नाही.
स्वयंपाकघरात लॅपटॉप, भिजत घातलेली मटकी
आणि डिल्विनची वही.

न्यूट्रिनोला कशाशी घेणंदेणं नाही.
शिसं, डोंगर, नवराबायकोतली भांडणं,
साऱ्यातून आरपार.
अब्जावधींतला एखादाच अडखळतो
आणि अडखळला की आमची झोप जाते.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात.
इथे हाती शीत एकच.
भात कुठल्या घरचा, चूल पेटती आहे की
पृथ्वी होण्याआधीच विझली,
शोधा.

उपग्रहाला मान वळवायला सांगते.
सात चौकोन, सारवताना हात फिरावेत तसे
एकमेकांवर थोडे चढलेले.
ला पाल्माची दुर्बीण धुक्याने मिटलेली.
हवाईत अजून ऊन.
टक्सनचा पोरगा लिहितो, ढग हटले तर बघतो.

तोवर पेन्सिलीने हिशेब मांडते :
बर्फातून उलट रेघ मागे नेली
तर तो पृथ्वीत शिरला कुठे?
मला उगाच वाटत होतं, आमच्याच छपरातून.
निघाला ग्रिम्सबीच्या पुढे, समुद्रात.
एखाद्या बोटीतून गेला असेल,
मासे निवडणाऱ्या कुणाच्या मनगटातून,
आणि त्याने फक्त
थंडी म्हणून हात झटकला असेल.

पावणेसहाला चित्रं येतात.
एक जुना तारा.
एक दीर्घिका, यादीतली, रोजच्याइतकीच मंद.
पाचव्या चौकोनात एक ठिपका, पोटात धस्स.
मग कळतं, कॅमेऱ्याचाच जळका पिक्सेल,
मागच्या मार्चमध्येही फसवून गेलेला.

अहवाल लिहिते : नवीन काही आढळले नाही.
खाली एक आकडा :
याहून उजळ असते, तर दिसले असते.
रात्रभर राबून हाती येतं
ते हे ‘असते तर’.

डिल्विनच्या वहीत निळ्या शाईच्या एकसष्ट ओळी,
तारीख, दिशा आणि शेवटी दोन वेल्श शब्द :
डिम बीड.
पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते
एखाद्या ताऱ्याचं नाव वाटलं होतं.
निवृत्त होताना त्याने वही दिली, अर्थही सांगितला.
त्याखाली आता माझ्या अक्षरात
पंधराव्यांदा : काही नाही.

आठला त्याचा फोन. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर
घरातच असतो, पहाटे अहवाल वाचतो.
सापडलं का, असं तो कधीच विचारत नाही.
किती खोल पाहिलंस?
आकडा सांगते.
तो नुसता हं म्हणतो.
मागे त्याच्या किटलीची शिटी.

बाहेर कचऱ्याची गाडी उलटी येतेय, पीं पीं करत.
मटकी उपसते,
फडक्यात बांधते,
गाठ जरा सैल ठेवते.