तुंबड्या

शेवटची ट्राम वेस्ट स्ट्रीटचा चढ चढून गेली
की शेफील्ड थरथरायचं थांबतं
आणि तळघरात आमची मोजणी सुरू होते.

एक गोळी, एक पट्टी, दोघींवर सोन्याचा मुलामा.
तो मॉरीन ऑलरेनशॉनं दिलेला.
तिचा बाप याच गावात चमच्यांना चांदी चढवायचा.
मधे फट. केसाचे सत्तर उभे काप करावेत,
त्यातल्या एकाएवढी.
फटीत काही नाही. तीन दिवस पंप लावून
हवासुद्धा उपसली.

तरी ओढ लागते.

कोण ओढतंय मग, मॉरीन विचारते.
मी तिला आमच्याकडचा न्हावी सांगते,
रिकामा बसला की कुडाला तुंबड्या लावणारा.
ती हसते, आणि पडद्यावरची रेघ दचकते.
म्हणजे रिकामपणही तुमच्यात रिकामं बसत नाही?
नाहीच बसत.

आजचा प्रश्न उबेचा.
फट बारीक असते तोवर उबेला कुणी विचारत नाही.
पण पट्टी मागे घेत चला, तीन मायक्रॉन, पाच, सात,
पोकळीची ओढ भराभर गळत जाते
आणि मागे राहते ती खोलीच्या उबेची.
किती राहते, यावर दोन हिशेब आहेत.
सोन्यातून वीज अडखळत जाते असं धरलं तर निम्मी,
न अडखळता जाते असं धरलं तर पुरी.
वीस वर्षं लोक भांडतायत.
सोनं गप्प.

(यातून नात्यागोत्याचं कुणी काही काढू नये.
पट्टीला सासर नसतं.)

दोन वाजता रेघ वर सरकायला लागली.
मुलाम्यावरचे विजेचे डाग असतील,
म्हणून ते वजा केले. तरी चढतेच आहे.
हीटर बंद. दिवा बंद. चढतेच आहे.
मॉरीननं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
मग स्वतःच्या हातांकडे.
स्वेटर घालून बसलेल्या
सदतीस अंशांच्या दोन शेगड्या.

यंत्र आपलं आपण मोजत राहिलं.
आम्ही बाहेर, मागच्या पायऱ्यांवर,
गाड्यांच्या काचांवर पांढरं दहिवर,
शब्द तोंडातून निघताच वाफ.
आत काय चाललंय ते सकाळीच कळणार,
कळलं तर.

मॉरीननं थर्मासचं झाकण भरून माझ्या हातात दिलं.
धर दोन्ही हातांनी, लव्ह, म्हणाली,
इथं चालतंय.