कूलरच्या टाकीतलं पाणी

बसा, पाद्रीसाहेब. पंख्याखाली नको,
तो नुसती गरम हवा फिरवतो.
बुधवारच्या अभ्यासात तुम्ही फळ्यावर रेघ ओढलीत,
अलीकडे तारलेले, पलीकडे बाकीचे,
आणि खडूचे हात झटकून म्हणालात, शंका असेल तर विचारा.
मेकोसाबागेतल्या बायका शंका विचारत नाहीत,
चहा ठेवतात.
मीही ठेवलाय. पण आज विचारते.

नवतपा होता. मिशनच्या दवाखान्यात
नळ दुपारीच कोरडे पडलेले.
इंदोऱ्याची पंचफुला, पहिलटकरीण.
पोर निळी.
डॉक्टरीणबाई आईकडे, मी पोरीकडे.
दोन बोटांनी छाती दाबत राहिले,
तोंडाला तोंड लावून फुंकत राहिले,
सातव्या मिनिटाला हाताला कळलं.

खिडकीतल्या कूलरच्या टाकीत ओंजळ बुडवली :
वाळ्याच्या काड्या, शेवाळ, एक मेलेला डास,
आणि गार पाणी.
पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने.
तिचं नाव विचारायला वेळ नव्हता,
माझंच दिलं. दोर्कस.
शास्त्रातल्या दोर्कसला पेत्र म्हणाला, ऊठ,
आणि ती उठून बसली.
मीही म्हणाले असेन. आठवत नाही.
अकरा मिनिटं, रजिस्टरात आहे.

आई बौद्ध. मी कोणालाच विचारलं नव्हतं.
ते पाप असेल तर माझ्या नावावर मांडा,
दोन्ही दोर्कशींची गल्लत नको.
आणि तिच्या आधीचा तो मुलगा,
ज्याच्यापर्यंत मी पोचलेच नाही?
जेवत होते. वांग्याची भाजी होती.
तेव्हापासून वांगं घरात आणलेलं नाही.

बरं, हे लेकरांचं झालं.
माझा भाऊ शांतवन. बाप्तिस्मा, दृढीकरण, सगळं रीतसर,
क्वायरमध्ये खर्जातला आवाज त्याचा.
मिल बंद पडली, त्यानंतरच्या पावसाळ्यात
तो गांधीसागरात उतरला,
चपला काठावर, शेजारीशेजारी, देवळाबाहेर काढाव्या तशा.
पंचांनी दोन तास वाद घातला
आणि जरीपटक्याच्या कब्रस्तानात त्याला भिंतीलगत जागा दिली,
जिथे पालापाचोळा जाळतात.
एकीला ओंजळभर पुरलं नाही,
याला अख्खा तलाव.
पाण्याचा हिशेब तुमच्या पुस्तकात कसा लिहितात?

उजवीकडच्या चोराचं सांगू नका, ते मला पाठ आहे.
मला डावीकडच्याची आई दिसते.
तिला घरी जाऊन
कोणी काय सांगितलं असेल?

चहा घ्या, साय धरतेय.

पंचफुला मला पुन्हा भेटली, वीसेक वर्षांनी,
बाजारात, तरोट्याच्या जुड्या मांडून बसलेली.
मी ओळखलं नाही. तिनंच हात धरला.
म्हणाली, सिस्टर ना तुमी?
मायाले डोये मिटले होते, पण मले सारं दिसत होतं.
तुमी पोरीच्या टाळूले पाणी लावलं.
मी गप्प. जुडी हातात तशीच.
म्हणाली, लय ऊन होतं ना त्या दिवशी.
तिले गार वाटावं म्हणून लावलं, नाई का?

मी हो म्हणाले.

बरं केलं बाई, म्हणाली,
आगीतच आली होती पोर.
आणि भाजीचे पैसे घेतले नाहीत.

त्या 'हो'चं काय करायचं, तेवढंच विचारायचं होतं.
आधी वाटे, खोटं बोलले.
मग वाटे, ओंजळ बुडवताना
मला तरी दुसरं काय हवं होतं?
आता वय झालं. दोन्ही एकाच वेळी वाटतं,
आणि वाळ्याचा वास आला की
मी प्रार्थनेत अडखळते.

उत्तर नका देऊ, घाई नाही.
तुमचा फळा बुधवारी मीच पुसला,
फडकं ओलं करून, चांगला दोनदा.
ओला होता तोवर साफ दिसला.
वाळल्यावर पाहिलं,
तुमची रेघ पुसट, पण होती.