ओटी

केसनंद फाट्याच्या पुढं, दगडखाणीच्या अंगाला,
पत्र्याच्या बारा खोल्या माझ्याकडे आहेत.
त्यांच्या डोक्यावरचे टॉवरही माझ्याकडेच,
पण तिथं वॉचमन वहीत लिहायला लावतो:
नाव, वेळ, कशासाठी.
मी लिहिते, पाणी.
तो म्हणतो, इथं आरओ आहे.

खोल्यांना वॉचमन नाही.

पिशवीत काचेची नळी,
तपकिरी बाटली, झाकणाला ड्रॉपर,
नोंदवही, आणि लोकांनी परत केलेल्या गोळ्या.
टँकरचं पाणी नळीत घ्यायचं,
ओटीचे दोन-तीन थेंब टाकायचे,
हलवून उजेडाकडे धरायचं.
पिवळं झालं तर पाण्यात औषध आहे.
नाही झालं तर नाही.
एवढंच शिकवलं, एका दुपारी, वडापाव देऊन.

सातव्या खोलीत इंदुमती, निलंग्याकडची.
नवरा सेंट्रिंगवर, तेराव्या मजल्यावर.
सातवा महिना, पायावर सूज,
एक बादली पाटानं झाकलेली, दुसरी परातीनं.
म्हटलं, ओटीची टेस्ट करायचीय.
ती बघत राहिली, मग हसायला लागली,
"इथं कोण भरतंय माझी ओटी? तुम्हीच आलात होय!"
आणि खरोखर पदर पुढं केला.

माझ्याकडे ना तांदूळ, ना खण.
पिशवीत हात घातला,
लोहाच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या लागल्या,
त्या टाकल्या पदरात.
नारळाच्या जागी ओआरएसची पुडी.
ती वाकली नमस्काराला. मी धरलं तिला,
सूज बोटांना लागली.

मग पाणी घेतलं. थेंब टाकले.
दारातल्या उन्हात धरलं.
जसंच्या तसं.
शेजारची पोर म्हणाली, किती स्वच्छ!
तिला काय सांगू?
वहीत लिहिलं: निरंक.
मागच्या पानावरही निरंक, त्याच्या मागच्याही.
चार नंबरात जुलाब. नऊमध्ये दोघं.
अकरातला पोरगा ससूनहून परत आलाय,
टायर फिरवतो, पण चालत.

आम्ही आता शहरात आहोत म्हणे.
घरपट्टी पोचली.
पाइपलाइन निघालीय, असं सांगतात.

साडेपाचला टँकर आला. बबन हरगुडे.
म्हटलं, पावडर टाकत जा रे.
"मॅडम, तिकडं सोसायटीत वास येतो म्हणून शिव्या,
इकडं टाकली नाही म्हणून तुम्ही.
टाकी एकच आहे माझी."
त्याचंही काही चूक नव्हतं, हाच घोळ.

मग मीच चढले काळ्या टाकीवर, साडी खोचून.
वर्तमानपत्रातली ब्लिचिंगची पुडी,
दवाखान्यातून मागून आणलेली,
बादलीत कालवली, वरचं निवळ पाणी ओतलं.
खालून बबन ओरडला, पडाल!
अर्धा तास थांबलो सगळे.
कुणीतरी चहा केला, बिनऔषधाच्या पाण्याचा,
मीही प्यायले.

नळी परत भरली.
तीन थेंब.
हळदीचं बोट बुडवावं इतकंच, पण पिवळं.
पोर म्हणाली, आता घाण झालं.
इंदुमती काही बोलली नाही,
पदरातली पुडी तिनं अजून सोडली नव्हती.

वहीत पहिल्यांदाच लिहिलं: आहे.
मग थोडा विचार करून पुढं जोडलं,
आजचं.